पाठांतर आणि धडधड: धाप नेमकी किती लागू द्यायची

‘घाम गाळ, टेन्शन आपोआप पळेल,’ असं सांगणाऱ्यांचा मला आता राग येतो. छातीतल्या धडधडीचीच ज्याला भीती वाटते, त्याला पहिल्याच दिवशी पळायला लावणं चूक आहे. मी ते भोगलंय.

पहिले तीन आठवडे फक्त चाला. आठवड्यातून पाच दिवस, अर्धा-अर्धा तास. आमच्या नाशिकचा कृषीनगरचा ट्रॅक, गोल्फ क्लबचं मैदान, कुठेही चालेल.

खरी अडचण वेगाची. हृदयाचे ठोके मिनिटाला जास्तीत जास्त किती पडू शकतात, यासाठी ठोके मोजणारी मनगटी घड्याळं 220 वजा वय हे गणित धरतात. पंचेचाळिशीत 175 ठोके येतात, पण प्रत्यक्षात माणसागणिक दहा-बारा ठोके सहज इकडेतिकडे होतात. त्यात बीपीची काही औषधं ठोके मुळातच कमी ठेवतात, मग तो आकडा काय कामाचा? बोलून बघा. चालता चालता ‘येताना कोथिंबीर आणि अर्धा लिटर दूध घेऊन ये’ हे एका दमात म्हणता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. गाता आलं तर वेग कमी. ‘कोथिंबीर’पाशीच दम तुटला तर जास्त.

मी हे न बघता पहिल्याच आठवड्यात पांडवलेणीच्या पायऱ्या न थांबता चढायला गेले. अर्ध्यावर काळीज घशात आलं, बोटांना मुंग्या आल्या, तिथेच पायरीवर बसले. वाटलं, हार्ट अटॅकच. ईसीजी नॉर्मल आला, तरी पुढचे तीन महिने मी चालायला म्हणून चपला घातल्या नाहीत. जोराच्या श्रमात ठोके वाढतात, श्वास फुलतो, घाम फुटतो, आणि घाबरल्यावरही नेमकं हेच होतं. काळजी करणारं मन दोन्हींत गल्लत करतं.

म्हणून जोराचा व्यायाम कायमचा टाळायचा का? अजिबात नाही. धडधड वाढते आणि आपली आपण उतरते, हे शरीराला पुन्हा पुन्हा दिसलं की भीती ओसरते. चौथ्या आठवड्यापासून सपाटीवर तीस सेकंद झपझप, दोन मिनिटं सावकाश, अशा चार फेऱ्या. शेवटची झाली की लगेच बसू नका. मनगटावर दोन बोटं ठेवून पाच मिनिटं रमतगमत चाला आणि ठोके उतरताना मोजा. हा भाग कुणीही गाळू नये. छातीत दाब आला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, भोवळ आली, तर मात्र तडक दवाखाना. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

स्मरणशक्तीसाठी पळावंच लागतं, हेही खरं नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात 120 ज्येष्ठ होते. त्यातले अर्धे आठवड्यातून तीनदा, चाळीस-चाळीस मिनिटं, वर्षभर चालले. आठवणी साठवायला मदत करणारा त्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस सुमारे 2 टक्के वाढला. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा थोडा आक्रसला.

वाचायला बसण्याआधी मध्यम वेगानेच चाला. दमून आल्यावर पान पुढे सरकत नाही. जोराच्या फेऱ्या वाचनानंतर, पण झोपायच्या तोंडावर नकोत.

पांडवलेणी दोन महिन्यांनी. चढताना दोनदा थांबायचं, दम लागो न लागो.