परतीचा पाऊस गेल्यावरची परसबाग

मेथी घटस्थापनेला टाकावी की दिवाळीला, याचं उत्तर तारखेत सापडत नाही. परतीचा पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात काढता पाय घेतो, पण जाता जाता एखादा दणका देतोच. मग नुकतं टाकलेलं बी वाहून वाफ्याच्या एका कोपऱ्यात गोळा होतं. म्हणून माती बघा. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा, म्हणजे वाफसा आला, माती पेरायला तयार झाली. काळ्या जमिनीत चिखल तुडवत वाफे केले तर ढेकळं अशी बसतात की हिवाळाभर कुदळीला दाद देत नाहीत. कोकणातल्या तांबड्या मातीत पाण्याचा निचरा लवकर होतो, तिथे चार दिवस आधी हात घातला तरी चालतं.

वाफसा येईपर्यंत उतरवायची कामं उरका. भेंडी-गवार एक दिवसाआड तोडायलाच हवी. भेंडीचं टोक बोटाने कट्कन मोडलं तर ती भाजीची, नुसतं वाकलं तर बियाण्याची. लाल भोपळ्याची घाई करू नका. सालीत नख रुतेनासं झालं आणि देठ वाळून लाकडासारखा झाला की मगच काढा, तोही दोन-तीन इंच देठ ठेवून. देठ मुळापासून तुटला की तिथूनच भोपळा सडतो. काढल्यावर आठवडाभर सावलीत, हवेशीर जागी ठेवा आणि मग माळ्यावर टाका, उन्हाळ्यापर्यंत टिकतो. कोकणात पावसाळी तवसं, म्हणजे मोठी काकडी, आढ्याला टांगून ठेवतात, थंडीत धोंडस (काकडीचा गोड केक) करायला तेच उपयोगी पडतं. त्यातही तत्त्व हेच: साल निबर हवी, फळ कुठे ठेचलेलं नको, खालून-वरून वारा लागायला हवा.

दुधी पहिल्या फोडीला चाखून बघा. कडू लागला तर सरळ फेकून द्या, शिजवून कडूपणा जात नाही. कडू दुधीच्या रसाने तर माणसं गंभीर आजारी पडली आहेत. अशा वेलाचं बीही धरू नका.

बियाण्याचा विषय निघालाच आहे, तर या हंगामातलं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम तेच, आणि नेमकं तेच राहून जातं. वेल उपटायच्या आधी प्रत्येकाचं एक चांगलं फळ तसंच सोडा. शेवटचं, खुरटलेलं नको. मधल्या बहरातलं, निरोगी वेलावरचं. दोडका वेलावरच तपकिरी होऊन वाळला आणि हलवल्यावर आत बी खुळखुळलं की तोडा. त्याच्या खालच्या टोकाला एक छोटं टोपण असतं, ते उघडलं की काळं बी आपोआप बाहेर पडतं. काकडीचं बी गरासकट दोन दिवस भांड्यात आंबवा, चोळून धुवा आणि सावलीत वाळवा. घेवड्याच्या, वालाच्या शेंगा झाडावरच वाळू द्या. वाळलेलं बी चाळलेल्या राखेत मिसळून बाटलीत भरा आणि वर नाव-महिना लिहा. बी गावठी वाणाचंच धरा, संकरित वाणाचं पुढच्या वर्षी आईसारखं निघत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, ती घरच्या घरी असंच बियाणं जपण्याच्या कामासाठी.

आता पेरणी. इथे सगळ्यांचा हात सैल सुटतो. पाकीट फोडलं की सगळी मेथी एकाच दिवशी टाकायची, मग महिन्याभराने शेजारपाजारी जुड्या वाटायच्या आणि पुढे मंडईतून विकत आणायची! त्यापेक्षा दर दहा-बारा दिवसांनी हातभर वाफा पेरा. मेथी 25 ते 30 दिवसांत काढायला येते, पालक थोडा जास्त वेळ घेतो, पण जमिनीपासून दोन बोटं वर कापला तर पुन्हा फुटतो. धने अख्खे टाकू नका; चपलेने हलके रगडून दोन डाळी करा आणि रात्रभर भिजवा. तरी उगवायला आठ-दहा दिवस लागतातच, तेव्हा चौथ्या दिवशी वाफा उकरून बघू नये. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं. पेरल्यावर ओलं पोतं अंथरा, पण पहिला कोंब दिसला की त्याच संध्याकाळी काढा, नाहीतर रोपं पिवळी आणि लांबुडकी होतात.

मुळा, गाजर जागेवरच पेरा, रोप लावून गाजर नीट पोसत नाही. लसणाच्या गड्डीतल्या बाहेरच्या, जाड पाकळ्या घ्या आणि टोक वर ठेवून दोन-तीन सेंटीमीटर खोल लावा. दोन पाकळ्यांत चार बोटं अंतर पुरे. मधल्या बारीक पाकळ्या फोडणीला. टोमॅटो-वांग्याची रोपं तयार असतील तर पुनर्लागवड संध्याकाळी करा आणि शेजारी एक ओळ झेंडूची लावा, टोमॅटो पोखरणाऱ्या अळीचा पतंग आधी झेंडूकडे वळतो. दसऱ्याच्या तोरणातली फुलं वाळवलीत तर त्यातलं बी पुढे उपयोगी पडेल.

दव पडायला लागलं की वेलांच्या पानांवर पिठासारखी भुरी दिसते. जुन्या वेलाला औषध मारत बसण्यात अर्थ नाही. तो काढा आणि ती पानं खतखड्ड्यात न टाकता बागेबाहेर न्या. नव्या भाज्यांवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) दिसला तर लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, दोनेक ग्रॅम साबण घाला आणि उतरत्या उन्हात पानांच्या खालच्या बाजूने फवारा. उरलेला अर्क दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

हळद, आलं आणि सुरणाला मात्र एवढ्यात हात लावू नका. हळदीच्या गड्ड्यांना मातीची भर द्या, वर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला आणि पाणी चालू ठेवा. पानं पिवळी पडून लोळली की काढणीआधी दोनेक आठवडे पाणी तोडायचं. मे-जूनमध्ये लावलेली हळद जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत निघते.