ब्रेकर बाहेर काढला आणि कपलर लागेना: ऑक्झिलरी वायरिंगच्या या चुका टाळा

इनकमर ब्रेकर (पॅनेलमध्ये पुरवठा आणणारा) देखभालीसाठी ट्रॉलीवर ओढला. आता कपलर (बसचे दोन भाग जोडणारा ब्रेकर) टाकून बस, म्हणजे पॅनेलमधली मुख्य वीजपट्टी, चालू ठेवायची, तर कपलर लागतच नाही. मग कोणी त्याची क्लोजिंग (ऑन करणारी) कॉइल तपासतो, कोणी स्प्रिंग चार्ज आहे का बघतो. कपलर बिचारा ठणठणीत असतो.

दोन इनकमर आणि एक कपलर असलेल्या पॅनेलमध्ये तिघांपैकी दोनच ब्रेकर ऑन राहावेत म्हणून इंटरलॉक असतो. इनकमर ऑफ झाला की त्याच्या ऑक्झिलरी स्विचचा (ब्रेकरसोबत हलणारा छोटा स्विच) एनसी, म्हणजे ब्रेकर ऑफ असताना जोडलेला कॉन्टॅक्ट, मेक होतो आणि कपलरला परवानगी मिळते. पण हा स्विच ब्रेकरवर असतो, त्याच्या वायरी कंट्रोल प्लगमधून येतात. प्लग निघाला की ब्रेकर ऑफ असूनही पॅनेलच्या बाजूने सर्किट ओपनच! म्हणून त्या एनसीला पॅरलल असा क्रेडलवरच्या (ब्रेकर ज्यात बसतो ती चौकट) पोझिशन स्विचचा कॉन्टॅक्ट हवा, जो ब्रेकर सर्व्हिसमध्ये, म्हणजे बसला जोडलेल्या जागी, नसताना मेक असतो. तो नसला की घाईत लिंक (वायरचा तुकडा टाकून बायपास) मारली जाते, लिंक तिथेच राहते आणि एक दिवस दोन्ही इनकमर पॅरलल होतात.

उलटीही चूक होते. मोटर फीडरचा (मोटरला वीज देणाऱ्या ब्रेकरचा) नुसता एनओ, म्हणजे ब्रेकर ऑन असताना जोडलेला कॉन्टॅक्ट, पीएलसीला (प्लांटच्या कंट्रोल संगणकाला) दिला असेल, तर टेस्ट पोझिशनमध्ये, म्हणजे बसपासून सुटा असताना, ब्रेकर ऑन करताच पीएलसीला पंप चालू झाल्यासारखा वाटतो. इथे एनओच्या सिरीजमध्ये सर्व्हिस पोझिशनचा कॉन्टॅक्ट घाला. ब्रेकर ऑन आहे का आणि तो बसला जोडलेला आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ऑक्झिलरी स्विच फक्त पहिल्याचं उत्तर देतो.

एका नाइट शिफ्टला पॅनेल उघडलं तर जळक्या वार्निशचा वास. त्याच फीडरची ही तिसरी ट्रिप (ब्रेकर ऑफ करणारी) कॉइल. पहिल्या दोन वेळी कॉइलच्या दर्जाला शिव्या घालून नवी बसवली होती, मीही त्यात होतो. शेवटी वायर ट्रेस केली तर कॉइलच्या सिरीजमधला एनओ कोणीतरी बायपास केलेला. ट्रिप कॉइल क्षणभरासाठी बनवलेली असते. ब्रेकर ऑफ होताच तिचा करंट या एनओने तोडायचा असतो. तो नसेल तर कमांड टिकून राहील तोवर कॉइल तापते, आणि डीसी तोडण्याचा भार रिलेच्या नाजूक कॉन्टॅक्टवर येतो.

मल्टिमीटरच्या ‘बीप’वर विसंबू नका. काळवंडलेला कॉन्टॅक्टही बीप देतो, पण कॉइलचा करंट वाहू लागला की त्याच्यावरच व्होल्टेज पडतं. ट्रिप कमांड देताना थेट कॉइलच्या टोकांवर मोजा. ११० व्होल्ट डीसीची कॉइल ७० टक्क्यांवर, म्हणजे ७७ व्होल्टवरही चालायला हवी. पण तिथे पुरवठ्यापेक्षा बरंच कमी दिसलं तर प्लगच्या पिना, सैल लग (वायरच्या टोकाची जोडणी) आणि ऑक्झिलरी स्विच या क्रमाने तपासा. बहुतेकदा प्लगमध्येच एखादी पिन मागे सरकलेली सापडते.