बालीचं जेवण शिकायचं तर पहाटे उठा

सांगलीत आमचा तिखट-मसाला कुटायचा डंक आहे. मार्च लागला की ब्याडगी आणि संकेश्वरीच्या पिशव्या घेऊन बायका रांगेत उभ्या राहतात, ते पाऊस पडेपर्यंत मला शिंकायलाही फुरसत नसते. त्यामुळे लेकीनं "आई, बालीला जाऊ" म्हटलं तेव्हा मी तारखा माझ्या सोयीच्या घेतल्या. आषाढी झाली, आमचे हे वारीहून परत आले, आणि श्रावण लागायला पंधरा-सोळा दिवस होते. माझं सामिष खाणं श्रावणात बंद, तेव्हा जे काही चाखायचं ते एवढ्यातच. आपल्याकडे धो धो पाऊस तेव्हा बालीत कोरडे दिवस असतात, हा फायदा न मागता मिळाला.

आमच्या घरात दोन पंथ आहेत. मी मटण-मासे खाणारी, हे माळकरी. म्हणून खाली जे लिहिलंय ते दोघांनाही उपयोगी पडेल. समुद्रकिनारे आणि झोपाळ्यावरचे फोटो यांची माहिती इथे नाही, ती लेकीला विचारा.

पहिलं काम, उतरल्या दिवशी हॉटेलात जेवून पोट भरू नका. नासी गोरेंग, म्हणजे परतलेला भात, सगळ्या इंडोनेशियात मिळतो. बाली समजून घ्यायची तर त्यांच्या वाटणापासून सुरुवात करा. त्याला म्हणतात बासा गेनेप. गेनेप म्हणजे पूर्ण, काही कमी न ठेवलेलं. आपल्याकडे कांदा-लसूण मसाला घरात असला की अर्धा स्वयंपाक झाला म्हणतो ना, तसंच हे. कोंबडी, मासा, फणस, शेवग्याचा पाला, सगळ्याच्या मुळाशी हेच. फरक एवढाच की आपण वर्षाचं एकदम करून बरणीत भरतो आणि ते ओलं वाटण ताजं करतात.

यात काय असतं ते मी बाजारातच बोटं लावून शिकले. छोटे लाल कांदे, लसूण, आलं, मिरची, धने, मिरी, जायफळ, लवंग. इथवर आपलंच घर. मग गवती चहा, पण आपण पात चहात उकळतो आणि ते बुडखा वापरतात, पांढरा, कांद्याच्या पातीसारखा. मग लेंग्कुआस, हे आपलं कोळिंजन, काष्ठौषधीच्या दुकानात वाळकं मिळतं ते. केंचूर नावाचा एक बोटाएवढा कंद, त्याचा वास कापूर आणि ओल्या मातीच्या मधला. केमिरी म्हणजे जंगली अक्रोड, तो वाटणाला दाटपणा देतो (कच्चा तोंडात टाकू नका, पोट बिघडतं, शिजवूनच खायचा). तेरासी, म्हणजे जवळ्यासारखी बारीक कोळंबी कुटून, आंबवून केलेली वडी. ताडा-माडाचा गूळ. आणि ओली हळद.

त्या हळदीपाशी मी थबकले. सांगली म्हणजे हळदपेठ. हरिपूरला जमिनीखाली हळदीची पेवं होती, २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्या डंकावर हळकुंडं पोत्यानं कुटली जातात. पण ओली हळद आम्ही फार तर लोणच्याला घेतो. ओली हळद ठेचून वाटणात घालायचं काम मी आयुष्यात पहिल्यांदा केलं ते उबुदजवळच्या एका खेड्यात, परक्या बाईच्या दगडावर. वाळक्या हळदीला नसतो असा एक गाजरासारखा गोडसर वास तिला असतो. चार दिवस बोटं पिवळी होती, नुकती हळद लागल्यासारखी.

आता बाजाराचं. डेन्पसारचा पासार बाडुंग हा मोठा बाजार, नदीकाठी. उबुदलाही बाजार भरतो, पण दिवस वर आला की तिथे पर्यटकांच्या पिशव्या-टोप्याच दिसतात. म्हणून सहाच्या आत पोचा. अंधारात घरच्या बायका भाजी, फुलं, केळीची पानं आणि नैवेद्याचं सामान घेत असतात. त्या वेळी खाण्याच्या ज्या टोपल्या असतात त्यातच खरी मजा. लाकलाक हा प्रकार चुकवू नका. तांदळाच्या पिठाच्या इवल्याशा आंबोळ्या, मातीच्या साच्यात केलेल्या, वर खवलेलं खोबरं आणि गुळाचा पाक. क्लेपोन म्हणजे उलटा मोदक : गूळ आत, खोबरं बाहेर. पूर्ण तोंडात टाकायचा, अर्धा चावलात तर गूळ साडीवर. माझा गेला. बुबुह इंजिन ही काळ्या तांदळाची खीर, नारळाच्या दुधातली, हे तीच खाऊन दिवस काढायला तयार होते.

पहाटेचं एवढं का, तर बाली घरात स्वयंपाक सकाळी एकदाच होतो. आम्ही एका घरगुती मुक्कामात राहिलो होतो, भिंतीच्या आत चार-पाच वेगळ्या खोल्या, देवघरं आणि दक्षिण अंगाला स्वयंपाकघर, त्याला पाओन म्हणतात. त्या घरची इबू (आईला किंवा मोठ्या बाईला इबू म्हणायचं, थोरल्या बहिणीच्या वयाच्या बाईला म्बोक, भावाच्या वयाच्या गड्याला ब्ली) आठच्या आत सगळं उरकून झाकून ठेवायची. मग ज्याला भूक लागेल तो येऊन वाढून घेणार, एकटाच खाणार, फार न बोलता. गरम गरम पानात पडण्याची आपली सवय तिथे बाजूला ठेवा. वारुंगात, म्हणजे खानावळीत, काचेमागे मांडलेलं कोमट जेवण दिसलं तर ते शिळं समजून पळू नका.

आणि झाकायच्या आधी एक गोष्ट व्हायची. केळीच्या पानाचे बोटभर तुकडे, प्रत्येकावर चिमूटभर भात, मीठ, त्या दिवशीच्या भाजीचा कण. ते चुलीवर, पाण्यापाशी, दारात, देवळीत ठेवून मग घरचे जेवणार. याला साइबान म्हणतात. आमच्या ह्यांनी पहिल्याच सकाळी ओळखलं, "ही तर चित्राहुती." तेव्हापासून त्या घरात यांना फार मान. रस्त्यात अशी पानं दिसली तर ओलांडून जा, पाय देऊ नका.

शिकवणीचं नीट निवडा, कारण इथे माझे पैसे एकदा वाया गेले. पहिल्या ठिकाणी आम्ही पंधरा जण, सगळं चिरून वाट्यांत तयार, आम्ही फक्त कढईत ओतायचं, हलवायचं आणि टोपी घालून फोटो काढायचा. वाटण मिक्सरमधून आलेलं. मी तिथे कपाळाला हात लावला. म्हणून पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारा : बाजारात नेणार का, वाटण दगडावर आमच्या हातानं होणार का, किती माणसं असतील, आणि माळकऱ्याला तेरासीशिवाय वेगळं करता येईल का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" आलं तरच जा. मला दुसऱ्या ठिकाणी माणशी चार लाख रुपिया पडले. घाबरू नका, शेवटची तीन शून्यं काढायची आणि पाचानं गुणायचं, साधारण आपले रुपये येतात. म्हणजे दोन हजार. आणि सगळ्यात चांगलं मी शिकले ते मात्र इबूच्या पाओनमध्ये, फुकट, कांदे सोलून देण्याच्या बदल्यात. मुक्काम घरगुती घेतला तर हे आपोआप होतं.

त्यांचा दगड आपल्या पाट्यापेक्षा लहान, उथळ, ताटलीसारखा. बत्ता आपटत नाहीत, मनगट वळवून घासतात. मी सवयीनं दणादण कुटायला लागले तर इबूनं माझं मनगट धरून थांबवलं. आधी कडक जिन्नस, मीठ घालून, मग ओले, कांदा शेवटी. हे सगळं बारीक गंध करायचं नाही, दाताखाली थोडं लागलं पाहिजे. मग खोबरेल तेलात, गवती चहाची गाठ आणि सालामची पानं (आपल्या तमालपत्रासारखी वापरतात ती) टाकून, मंद आचेवर परतायचं, पाणी आटून तेल सुटेपर्यंत आणि कच्चा वास जाईपर्यंत. ही खूण आपलीच.

वाटणाचा वास एकदा नाकात बसला की बाकीचे पदार्थ ओळखीचे वाटायला लागतात. साते लिलित म्हणजे माशाचा खिमा, खोबरं आणि वाटण मळून गवती चहाच्या काडीवर थापायचं आणि निखाऱ्यावर भाजायचं. बेतुतु म्हणजे अख्खी कोंबडी किंवा बदक, आत-बाहेर वाटण भरून, पानात गुंडाळून तासन् तास तुसाच्या धगीत ठेवलेलं. हुरड्याची आगटी ज्यानं पाहिलीय त्याला कळेल. बदक हवं तर बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी सांगावं लागतं. गिलिमानुकची कोंबडी जास्त झणझणीत, कोल्हापूरकरांनी तिकडे जावं. बाबी गुलिंग म्हणजे भाजलेलं डुक्कर, बालीचा सगळ्यात गाजलेला पदार्थ. मी खात नाही, त्यामुळे त्याबद्दल एवढंच सांगते की ते दुपारपर्यंत संपतं.

लावारबद्दल मात्र सांगायलाच हवं. शेंगा किंवा फणसाची कुयरी, खोबरं, मांस आणि वाटण, सगळं बारीक चिरून हातानं कालवलेलं. सणाला ते गडीमाणसं पहाटे करतात, जत्रेचं मटण आपल्याकडे गडीच करतात तसं. लाल लावारमध्ये कच्चं रक्त असतं. लेक ऐकून उठूनच गेली. मला रक्तीची ओळख आहे, पण आपण ती शिजवून खातो. म्हणून मी बिनरक्ताचं, कोंबडीचं मागितलं. नवख्यानं तेच घ्यावं, आणि सकाळीच खावं. लावार दुपारनंतर टिकत नाही.

माळकऱ्यांसाठी. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणून भागत नाही, कारण तेरासीला तिथे कुणी मासा समजत नाही. तीन वाक्यं पाठ करा : "तान्पा दागिंग" मांस नको, "तान्पा इकान" मासा नको, "तान्पा तेरासी". शिवाय "तान्पा तेलूर", अंडं नको. आणि एक युक्ती, जे समोर वाटून देतात तेच घ्या. तिपात चांतोक म्हणजे माडाच्या पानात शिजवलेल्या भाताचे तुकडे, उकडलेल्या भाज्या आणि शेंगदाण्याचं वाटण, ते म्बोक तुमच्या डोळ्यांसमोर दगडावर करते. तेरासीकडे हात गेला की थांबवता येतं. हे पाच दिवस त्यावर आणि तळलेल्या तेंपेवर राहिले. तेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी. घरून नेलेलं दोन किलो भडंग तसंच राहिलं, ते इबूच्या नातवंडांनी संपवलं.

तारखा ठरवताना दोन सण बघा. गलुंगन दर २१० दिवसांनी येतो, २०२६ मध्ये तो १७ जूनला आहे. आदल्या दिवशी घरोघरी लावार होतं, मुक्काम घरगुती असेल तर बघायला मिळेल. दुसरा न्येपी, त्यांच्या शकाचं नवं वर्ष. शक तोच, आपला शालिवाहनाचा आकडा. २०२६ मध्ये न्येपी आणि गुढीपाडवा एकाच दिवशी, १९ मार्चला. पण आपण श्रीखंड-पुरी करतो आणि ते चूलच पेटवत नाहीत. रस्ते बंद, विमानतळही चोवीस तास बंद. खायला म्हणून गेलात तर तो दिवस टाळा.

परत येताना वाटण आणू नका, बॅगेत सांडतं आणि कळाही जाते. मीठ आणा. कुसांबाच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूवर समुद्राचं पाणी शिंपडून, ती वाळू धुऊन निघालेलं खारं पाणी माडाच्या चिरलेल्या खोडात वाळवतात. त्याला आपल्या खड्याच्या मिठासारखा कडवटपणा नाही.

आणि घरी करायला सगळ्यात सोपं, सांबाल माताह. माताह म्हणजे कच्चं. आठ-दहा सांबारचे कांदे उभे पातळ चिरा. गवती चहाचे दोन बुडखे, बाहेरची पात काढून, इतके बारीक की दातात अडकायला नकोत. चार लवंगी मिरच्या, मीठ. हातानं चोळा, कांदा जरा मऊ पडला पाहिजे. तिथे तेरासी भाजून घालतात, माळकऱ्यांच्या घरात नाही. वरून दोन-तीन चमचे खोबरेल तेल चांगलं तापवून ओता, चर्र आवाज यायला हवा. खायच्या वेळी लिंबू. तिथे लिंबाचं पानही बारीक चिरून घालतात, मी अंगणातल्या ईडलिंबाचं कोवळं पान घालते, चालतं.

परवा डंकावर आलेल्या दोघीतिघींना हे भाकरीबरोबर दिलं. एकीनं चाखून विचारलं, "यात दाण्याचं कूट राहिलं का?"