चित्राची पाठ वाचता येते? मग परदेशी म्युझियमला अर्ज करा

बडोद्याच्या एम.एस. युनिव्हर्सिटीच्या म्युझियॉलॉजीत माझ्या मागून आलेली पोरं भेटली की प्रश्न ठरलेला, "ताई, परदेशातल्या इंटर्नशिपला मार्क किती लागतात?" माझे मार्क कुणी विचारलेच नाहीत. व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "अर्जात मोडी वाचता येतं असं लिहिलंयस, खरंच येतं?" आणि एका चित्राची पाठ स्क्रीनवर धरली. चार ओळी होत्या. अडीच वाचल्या. उरलेली दीड लागत नाही, असं सरळ सांगितलं. तीन आठवड्यांनी होकार आला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं मोठं म्युझियम, आशियाई कलेचा विभाग, दहा महिने.

तेव्हा अर्ज उघडण्याआधी घरात बघा. युरोपियन तैलचित्रांबद्दल बोलणारी मुलं तिथं पायलीला पन्नास मिळतात. पण बॉस्टनचं म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स (भारतीय कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामी तिथं १९१७पासून होते), लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, झुरिकचं रीटबर्ग, सॅन डिएगोचं म्युझियम ऑफ आर्ट, या सगळ्यांकडे भारतीय लघुचित्रं पेट्या भरून आहेत. चित्रांच्या पाठीवर देवनागरी, फारसी, कुठे मोडी, कुठे गुजराती नोंदी असतात. त्या वाचणारं माणूस लागतंच. माझे आजोबा दांडिया बाजारातल्या घरी सुट्टीत दुपारी मला मोडी गिरवायला बसवायचे, ते केवळ मी उन्हात हुंदडू नये म्हणून. तुमच्याकडे पाटोळं (पाटणचं रेशमी विणकाम) ओळखणारी आजी असेल, नाहीतर ओतकाम जाणणारे काका असतील. ते अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात लिहा. "मला लहानपणापासून कलेची आवड आहे" हे वाक्य तेवढं खोडा.

तयारीला वर्षभर हाताशी ठेवा. उन्हाळ्यातल्या जागांचे अर्ज बहुतेक ठिकाणी आदल्या हिवाळ्यातच बंद होतात. दोन पानी सीव्ही, एक पानी पत्र, लेखनाचा नमुना, दोन शिफारसपत्रं. शिफारस देणाऱ्या सरांना दिवाळीआधी गाठा. दिवाळीनंतर ते सापडत नाहीत, हा स्वानुभव.

लेखनाचा नमुना म्हणून प्रबंधाचं प्रकरण सगळेच पाठवतात. मी एकाच वस्तूचा कंडिशन रिपोर्ट, म्हणजे ती कुठे किती बिघडलीय याची बारीक नोंद, पाठवला होता. त्याचा सराव बडोद्यात फुकटाच्या भावात होतो. कमाटीबागेतल्या म्युझियमचं तिकीट काढा. खाली देवमाशाच्या सांगाड्याभोवती शाळेच्या सहली असतात, तिथं थांबू नका. पिक्चर गॅलरीत जा आणि एका चित्रासमोर तासभर उभ्या राहा. (गॅलरीची इमारत १९१४मध्ये बांधून झाली, पण चित्रं महायुद्धामुळे युरोपातच अडकली आणि गॅलरी उघडली १९२१मध्ये. चित्र हलवणं म्हणजे काय प्रकरण असतं, ते यावरून कळावं.) डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा आणि दिसेल तेच लिहा. "चित्र खराब झालंय" हे लिहिणं नव्हे. "वरच्या कडेपासून दोन बोटं खाली, रुपयाएवढ्या जागेत रंगाचे पोपडे सुटलेत" हे लिहिणं. कागदाला कसर लागलीय, डाग ओलीचा आहे की तेलाचा, घडीवर रंग झिजलाय, हे शब्द मराठीत आधीच आहेत. त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द पाठ करायला दोन दिवस पुरतात. भिंतीवरच्या चित्रांचा सराव करायचा तर तांबेकर वाडा आहेच.

आता पैसे. पहिल्या वर्षी युरोपातल्या एका संस्थेनं मला घेतलं होतं, सहा महिने बिनपगारी. "इथला अनुभव हेच मानधन" असं पत्रात होतं. बाबांनी खोलीभाडं, बसचा पास, विमा, तिकीट असं खतावणीसारखं मांडलं आणि बेरजेखाली रेघ मारून कागद माझ्याकडे सरकवला. मी नकार कळवला. आठ दिवस रडले, हेही सांगते. दुसऱ्या वर्षी पगारी जागांनाच अर्ज केले. स्टायपेंड किती, तो दर महिन्याला की शेवटी, कर कापून की आधीचा, हे होकार देण्यापूर्वी ईमेलवर लेखी विचारा. यात उद्धटपणा नाही. तिकडे तर न विचारणाऱ्याचंच नवल वाटतं.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. अमेरिकेसाठी जे-१ लागतो. इंटर्न म्हणून जायचं तर तुम्ही अजून शिकत असायला हवं, किंवा पदवी मिळून बारा महिन्यांच्या आत असायला हवं. म्हणून निकाल लागल्यावर "आधी वर्षभर नोकरी करते" असं म्हणू नका. डीएस-२०१९ हा पात्रतेचा दाखला स्पॉन्सर संस्था देते. डीएस-७००२ मध्ये तुम्ही तिथं काय शिकणार, हे टप्प्याटप्प्यानं लिहावं लागतं. ते म्युझियमच्या माणसाबरोबर बसून भरा. विमा एका आजाराला किंवा अपघाताला किमान एक लाख डॉलरचा हवा. माझी मुलाखत मुंबईत बीकेसीला होती. रात्रीच्या गाडीनं गेले, दादरला मावशीकडे अंघोळ केली आणि अधिकाऱ्यानं विचारलं एवढंच, "परत कधी येणार?" प्रबंध सादर करायचा महिना सांगितला, काम झालं.

तिथं गेल्यावर पहिल्या दिवशी खिशातलं बॉलपेन काढून घेतात. वस्तू ठेवतात त्या स्टोअरमध्ये फक्त पेन्सिल. अंगठी, बांगड्या, ओढणी, गळ्यातलं लांब काही चालत नाही. कागदाला बहुतेक वेळा धुतलेले कोरडे हात, धातूला नाइट्राइलचे हातमोजे. वस्तू उचलण्याआधी ती ठेवायची जागा रिकामी करायची. मी दुसऱ्याच दिवशी आधी ट्रे उचलला आणि मग टेबल शोधू लागले. कुणी ओरडलं नाही, एकानं मुकाट्यानं टेबल मोकळं करून दिलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आणि रोज चकचकीत काम मिळेल असं समजू नका. पहिले दोन महिने मी वस्तूंच्या नोंदीची जुनी कार्डं आणि संगणकातली नोंद ताडून बघत होते. नोंदणी क्रमांकातला एक टिंब चुकला तरी वस्तू हरवल्यात जमा. पण माझं काम निघालं ते याच कार्डांतून.

तळहाताएवढं चित्र होतं, घोड्यावरचा मराठा स्वार. कार्डावर "सुमारे १७३०". पाठीवर मोडीत पुसट ओळ, आणि शेजारी कुणीतरी पेन्सिलीनं इंग्रजी आकड्यांत तेच १७३० लिहिलेलं. टॉर्च आडवी धरली तेव्हा आकड्याआधीची अक्षरं उठली: शके. आणि आकड्यानंतर "विभवनाम संवत्सरे". शकात ७८ मिळवायचे, म्हणजे १८०८. संवत्सरानं पडताळा घेता येतो, कारण त्यांची साठ नावं ओळीनं फिरत राहतात: १९८७ साली गुढीपाडव्याला प्रभव लागला होता. साठ-साठ वर्षं तीनदा मागे गेलं की १८०७, तेव्हाही प्रभव. पुढचा विभव, १८०८. जुळलं. नोंद विक्रम संवताची असेल तर हिशेब वेगळा. गुजरातेत वर्ष कार्तिकात बदलतं म्हणून बहुतेक महिन्यांना ५६ वजा, उत्तरेत चैत्रात बदलतं म्हणून ५७. हे एका कागदावर लिहून सोबत न्याच.

चूक सापडली म्हणून मीटिंगमध्ये ओरडायचं नसतं. अर्ध्या पानाचं टिपण केलं: अक्षरांची नक्कल, वाचन, गणित, आणि एक अक्षर लागत नाही हेही. विभागानं बाहेरच्या दुसऱ्या वाचकाकडून खात्री करून घेतली, त्यात सहा आठवडे गेले. मग नोंद बदलली. जुनी तारीख खोडत नाहीत, ती तशीच राहते. खाली नवी तारीख, कारण आणि वाचणाऱ्याची आद्याक्षरं येतात.

निघण्याआधी शिफारसपत्र मागून घ्या, तुमचं टेबल अजून तुमचं असतानाच. केलेल्या कामाची क्रमांकवार यादीही परवानगी घेऊन करून आणा.

कार्डाचा फोटो बाहेर न्यायची परवानगी मला नव्हती. वहीत गिरवलेली ती ओळ बडोद्याला आल्यावर आजोबांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "वाचलंस बरोबर. पण विभवातला भ काय काढलायस हा?"