क्लच बदलल्यावर गिअर पडत नसेल तर: नव्या मेकॅनिकसाठी

आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा ट्रेड पूर्ण करून गॅरेजमध्ये आलेल्या मुलांना क्लच प्लेट बदलण्याचे काम बऱ्यापैकी लवकर जमते, पण त्यानंतर येणारी तक्रार हाताळणे जमायला वेळ लागतो. नवा क्लच सेट बसवून गाडी सुरू केली की पहिला गिअर घट्ट पडतो, रिव्हर्स टाकताना खरखर आवाज येतो, आणि मग मालकाला सरळ सांगून टाकले जाते की गिअरबॉक्सच खराब आहे. माझ्या पाहण्यात आलेल्या अशा बहुतेक गाड्यांचे गिअरबॉक्स ठणठणीत होते. म्हणून गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याचा निर्णय सर्वात शेवटी घ्यावा, असे मी प्रत्येक नव्या मुलाला आग्रहाने सांगतो.

पहिली तपासणी अगदी साधी आहे. इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि सगळे गिअर एकेक करून टाकून पाहा. बंद इंजिनवर गिअर सहज पडत असतील आणि इंजिन सुरू केल्यावरच अडत असतील, तर पेडल पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाही, म्हणजेच प्लेट फ्लायव्हीलबरोबर (इंजिनच्या जड चाकाबरोबर) थोडी फिरतच राहते, असे समजावे. खात्री करण्यासाठी सुरू इंजिनवर क्लच दाबून काही सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर जुळण्याआधी दोन्हींचा वेग सारखा करणारा भाग, नसतो, त्यामुळे फिरणारी प्लेट तिथे लगेच आवाज करून स्वतःची जागा दाखवते. याउलट बंद इंजिनवरही गिअर घट्टच असतील, तर क्लचकडे पाहू नका. गिअरच्या केबल, त्यांचे बुश आणि गिअर ऑइल पाहा.

केबलच्या क्लचमध्ये एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही, ती जरा सविस्तर सांगतो. एक वॅगन आर दुसरीकडे क्लच बदलून आमच्याकडे आली होती आणि मालकाला गिअरबॉक्सच्या कामाचा खर्चही सांगून झाला होता. जुनी प्लेट झिजत जाते तशी प्रेशर प्लेटच्या डायफ्रामची (चकतीसारख्या स्प्रिंगची) बोटे गिअरबॉक्सच्या बाजूला सरकत येतात, पेडलचा फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीचा रिकामा प्रवास, कमी होतो, आणि तो राखण्यासाठी केबल वेळोवेळी ढिली केलेली असते. नवी, जाड प्लेट बसली की तीच बोटे फ्लायव्हीलकडे परत जातात आणि केबल मात्र ढिलीच राहते. मग पेडलचा निम्मा प्रवास ढिलेपणा काढण्यातच संपतो आणि क्लच सुटायला उरतो तो प्रवास पुरत नाही. त्या गाडीत नेमके हेच झाले होते. केबलच्या टोकाचा नट आवळून फ्री प्ले मॅन्युअलप्रमाणे केला आणि सगळे गिअर विनातक्रार पडू लागले.

इनोव्हासारख्या हायड्रॉलिक क्लचच्या गाडीत पहिला संशय हवेचा. पेडल दोन-तीन वेळा भराभर मारल्यावर गिअर सोपा पडत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर सिलिंडरचे (पेडलकडच्या सिलिंडरचे) सील दाब धरत नाही. स्लेव्ह सिलिंडर (क्लचकडचा सिलिंडर) गिअरबॉक्सच्या बाहेर असेल, तर सोबत्याला पेडल दाबायला सांगून पुशरॉड किती बाहेर येतो ते स्वतः डोळ्यांनी पाहा, कारण पेडल कडक लागले म्हणजे खाली प्रवास पूर्ण मिळतो असे नाही. डॉट ३ किंवा डॉट ४, जे फ्लुइडच्या टाकीच्या झाकणावर लिहिले असेल तेच फ्लुइड भरावे. खनिज तेल चुकूनही गेले तर रबरी सील फुगतात.

ऑइलचेही तसेच. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ॲक्सल काढताना गिअर ऑइल सांडते, आणि ते पातळीपर्यंत पुन्हा भरले की नाही हे काम उरकण्याच्या घाईत राहून जाते. कंपनीने जीएल-४ दर्जाचे गिअर ऑइल सांगितले असेल तर जीएल-५ घालू नये, कारण त्यातली रसायने सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगांना मानवत नाहीत.

बाहेरून केबलचा किंवा पुशरॉडचा प्रवास पूर्ण मिळूनही क्लच सुटत नसेल, तरच गिअरबॉक्स उतरवावा. आत प्लेट उलटी बसली आहे का, क्लच सोडवणारा फोर्क त्याच्या बॉलवरून सुटला आहे का, आणि प्लेट वाकली आहे का, हे पाहायचे. वाकण्याचे कारण बहुधा एकच असते: गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट प्लेटच्या स्प्लाइनमध्ये (मधल्या खाचांमध्ये) शिरलेला असताना गिअरबॉक्स जॅकचा आधार न देता तसाच लोंबकळू दिला जातो. दोन केसिंगमध्ये फट राहिली असेल, तर बोल्ट आवळून ती कधीही मिटवू नका; गिअरबॉक्स हाताच्या जोराने पूर्ण बसला पाहिजे, मगच बोल्ट. स्प्लाइनवर ग्रीस अगदी पातळ थराने लावावे, कारण जास्तीचे ग्रीस उडून प्लेटच्या लायनिंगवर (घर्षणाच्या थरावर) जाते आणि प्लेट चिकटू लागते.

‘चालवत राहा, आपोआप बसेल’ असे सांगून गाडी सोडून देण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही. लायनिंग बसायला वेळ लागतो हे खरे, पण खरखर करणारा गिअर चालवून सुधारत नाही; उलट सिंक्रोनायझरच्या रिंगा घासत राहतात आणि धडधाकट गिअरबॉक्सला खरोखरच काम निघते. गाडी देण्याआधी इंजिन पूर्ण तापेपर्यंत गर्दीच्या रस्त्यावर चालवा आणि तापलेल्या अवस्थेत, जागेवर उभी करून, पहिला आणि रिव्हर्स पुन्हा टाकून पाहा.