कमांड लाइनवर स्मार्ट कार्ड: घाबरवणारे एरर सोडा, या चुका टाळा

नाशिकमध्ये डिजिटल सही म्हटलं की डोळ्यांसमोर येतं सीएच्या ड्रॉवरमधलं डीएससी टोकन. ई-टेंडर, जीएसटी, कंपनीची कागदपत्रं, सगळीकडे तेच लागतं. त्यामुळे जीपीजी (फाइली एन्क्रिप्ट करणारा आणि सही करणारा कमांड-लाइन प्रोग्राम) शिकायला बसलेला अंबड-सातपूरकडचा डेव्हलपर आधी तेच लॅपटॉपला लावून बघतो. ते सरळ चालत नाही. त्यात एक्स.५०९ सर्टिफिकेट असतं, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेने दिलेली वेगळ्या पद्धतीची डिजिटल ओळख. जीपीजीला साधारणपणे लागतं ओपनपीजीपी (जीपीजी पाळतं ते मानक) कार्ड, ज्यात सही, डिक्रिप्शन आणि ऑथेंटिकेशन (लॉगिनला ओळख पटवणं) यांच्या प्रायव्हेट, म्हणजे गुप्त, कीसाठी एकेक असे तीन कप्पे असतात. नवीन घेतानाही बघून घ्या: युबिकी ५ (यूएसबीला लावायचं, कार्डाचंच काम करणारं टोकन) मध्ये ओपनपीजीपी आहे, त्याच कंपनीच्या स्वस्त 'सिक्युरिटी की' मालिकेत नाही.

(कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन.)

आता पिन. ओपनपीजीपी कार्डाचा मूळ पिन बहुधा १२३४५६ आणि ॲडमिन पिन १२३४५६७८ असतो. दोन्ही आधी बदला, पण खरी गडबड त्यानंतर होते. की कार्डावर टाकताना खिडकी ॲडमिन पिन मागते, आपण न वाचता साधा पिन ठोकतो, 'चुकीचा' आलं की तोच पुन्हा. 'जीपीजी --कार्ड-स्टेटस' चालवलं की 'पिन रिट्राय काउंटर'पुढे ३ ० ३ असे उरलेल्या प्रयत्नांचे आकडे दिसतात: पहिला साध्या पिनचा, मधला रीसेट कोडचा (बंद पडलेला साधा पिन उघडायचा कोड; तो ठेवलाच नसेल तर शून्यच असतो, घाबरू नका), शेवटचा ॲडमिन पिनचा. पहिला शून्यावर आला तर ॲडमिन पिनने कार्ड उघडता येतं. शेवटचा शून्यावर आला तर फॅक्टरी रीसेट, म्हणजे कार्डावरच्या सगळ्या की गेल्या. काही जुन्या कार्डांत तर तीही सोय नाही. एकदा पिन चुकला की हात थांबवा आणि आधी हे आकडे बघा.

आणखी महागात पडते ती बॅकअपची चूक, कारण तिचा एररच येत नाही. की कार्डावर टाकणाऱ्या 'कीटूकार्ड' कमांडचं नाव कॉपीसारखं वाटतं, पण 'सेव्ह' केल्यावर डिस्कवरची प्रायव्हेट की जाते आणि तिच्या जागी 'ती अमुक नंबरच्या कार्डावर आहे' एवढी चिठ्ठी उरते. प्रायव्हेट कीच्या यादीत 'एसएसबी' (प्रायमरी, म्हणजे मुख्य कीखालची सब-की) याच्यापुढे दिसणारं '>' चिन्ह तेच सांगतं. कार्डावरून की परत काढता येत नाही. कार्ड घेण्याचं कारणच ते आहे. म्हणून 'कीटूकार्ड'च्या आधी 'जीपीजी --एक्सपोर्ट-सीक्रेट-कीज' करून ती फाइल ऑफलाइन पेनड्राइव्हवर ठेवा, शक्य तर दोन ठिकाणी. की थेट कार्डावरच बनवत असाल तर जीपीजी फक्त एन्क्रिप्शन कीचा बॅकअप घ्यायचा का विचारतं. तिथे 'हो' म्हणा. सहीची की हरवली तर जुनी रद्द करून नवी करता येते, जुन्या सह्या तपासता येतात. डिक्रिप्शनची की हरवली तर तिच्यासाठी एन्क्रिप्ट केलेली प्रत्येक फाइल कायमची बंद.

याच कारणाने दरवर्षी नवी एन्क्रिप्शन सब-की करून कार्डावर चढवण्याची शिस्त मला उलटी वाटते. कप्पा एकच, नवी गेली की जुनी पुसली, आणि मागच्या वर्षीचं बिलांचं बंडल उघडेना. मुदत संपत आली तर 'एक्सपायर' कमांडने मुदत वाढवा. त्यासाठी प्रायमरी की लागते, कार्डावरच्या सब-की जशाच्या तशा राहतात. मुदत वाढवलेली पब्लिक की (सगळ्यांना द्यायची उघडी की) मात्र समोरच्यांना पुन्हा पाठवा.

बाकीचे एरर नुसते आवाज करतात. 'नो सच डिव्हाइस' आला तर बऱ्याचदा पीसीएससीडी (सिस्टिमची कार्ड-रीडर सेवा) आणि स्कडेमन (जीपीजीचा कार्डाशी बोलणारा भाग) एकाच रीडरवर हक्क सांगत असतात: स्कडेमनच्या कॉन्फमध्ये 'डिसेबल-सीसीआयडी' लिहा, मग 'जीपीजीकॉन्फ --किल स्कडेमन'. 'इनॲप्रोप्रिएट आयओसीटीएल' आला, किंवा गिट कमिटवर सही होईना, तर शेलच्या फाइलमध्ये 'जीपीजी_टीटीवाय'ला टीटीवाय कमांडचं उत्तर द्या, म्हणजे पिन कोणत्या टर्मिनलवर मागायचा ते कळतं. नव्या लॅपटॉपवर कार्ड दिसतं पण 'नो सीक्रेट की' येतं, कारण कार्डात अख्खी पब्लिक की नसते; ती आधी इम्पोर्ट करा, मग कार्ड-स्टेटस चालवा. आणि नुसतं एन्क्रिप्ट करायला कार्ड लागतच नाही, समोरच्याची पब्लिक की पुरते.

कार्ड दिवसभर लॅपटॉपला लावून ठेवण्याची सवयही मोडा. सहीसाठी दर वेळी पिन मागायची सोय 'फोर्ससिग'ने होते, पण डिक्रिप्शनला ती लागू नाही: एकदा पिन दिला की कार्ड काढेपर्यंत किंवा रीसेट होईपर्यंत ते उघडंच. मशीनवर काही घुसलं असेल तर तेही तुमच्या फाइली उघडू शकतं. जीपीजी-एजंट या मागे चालणाऱ्या, पासवर्ड लक्षात ठेवणाऱ्या भागाची कॅश कितीही कमी केली तरी यात फरक पडत नाही, कारण पिन दिल्याचं कार्ड स्वतः लक्षात ठेवतं. युबिकीवर 'टच' सक्तीचा करून ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी बोट लावावं लागेल.

दोन कार्डांवर त्याच सब-की ठेवणाऱ्यांना एक अडचण येते: दुसरं कार्ड लावलं तरी जीपीजी पहिल्याचाच सीरियल नंबर मागत राहतं, कारण डिस्कवरच्या चिठ्ठीत तोच लिहिलेला असतो. दुसरं कार्ड लावून 'जीपीजी-कनेक्ट-एजंट'ला आधी 'एससीडी सीरियलनो' आणि मग 'लर्न --फोर्स' द्या. चिठ्ठी नव्याने लिहिली जाते आणि काम पुढे सरकतं.