प्रायमरीत ‘निवडून येणारा’ उमेदवार शोधताना या चुका टाळा

आपल्याकडे तिकीट कोणाला द्यायचे हे बहुतेक वेळा पक्षश्रेष्ठी ठरवतात. अमेरिकेत ते काम प्रायमरीमध्ये, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी होणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, पक्षाचा साधा मतदार करतो. त्यामुळे त्याच्यापुढे एकाच वेळी दोन प्रश्न असतात: मला कोण आवडतो, आणि कुंपणावर बसलेल्या मतदाराला कोण चालेल? दुसरा प्रश्न विचारणे मुळीच गैर नाही. मात्र त्याचे उत्तर शोधण्याच्या ज्या पद्धती सर्रास वापरल्या जातात, त्या बहुतेक वेळा दगा देतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे उमेदवाराचा चेहरा आणि परिचयपत्र पाहून ‘हा बाकीच्यांना पटेल’ असे ठरवून टाकणे. 2004 मध्ये तत्कालीन रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांना हरवणे हाच ज्यांचा मुख्य निकष होता, अशा अनेक डेमोक्रॅटिक मतदारांनी आयोवा या पहिल्या लढतीच्या राज्यापासूनच जॉन केरी यांना पसंती दिली, कारण व्हिएतनाम युद्धात पदके मिळवलेल्या माणसाच्या देशभक्तीवर कोणी बोट ठेवू शकणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. प्रत्यक्षात त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जाहिरातींचा मारा नेमका त्या युद्धसेवेवरच झाला आणि केरी इलेक्टोरल कॉलेजच्या (राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या राज्यवार प्रतिनिधींच्या) 251 विरुद्ध 286 मतांनी हरले. उलट 2008 मध्ये ‘देश अजून तयार नाही’ असे ज्यांच्याबद्दल बोलले जात होते, त्या ओबामांनी 1964 नंतर डेमोक्रॅटिक पक्षाला कधीच न मिळालेले इंडियाना राज्यही जिंकले. दोन्ही वेळा मतदार दुसऱ्याच्या मनातले ओळखू पाहत होता आणि खरे तर स्वतःच्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पूर्वग्रह मोजत होता.

यावर उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे: उमेदवाराला आजवर प्रत्यक्ष मिळालेली मते काढून ती त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर असलेल्या त्याच्याच पक्षाच्या इतर उमेदवारांच्या मतांशी ताडून पाहावीत. जॉर्जियातील 2022 ची निवडणूक या दृष्टीने डोळ्यांत अंजन घालणारी आहे. रिपब्लिकन गव्हर्नर ब्रायन केम्प सुमारे साडेसात टक्क्यांच्या फरकाने सहज निवडून आले. त्याच पक्षाचे सिनेटचे उमेदवार, एकेकाळी राज्याचे लाडके फुटबॉलपटू असलेले हर्शेल वॉकर, यांना मात्र केम्प यांच्यापेक्षा सुमारे 2 लाख मते कमी पडली आणि डिसेंबरमधील फेरलढतीत ते हरले. केम्प यांना मत देऊन वॉकर यांच्या नावापाशी हात आखडता घेणारे मतदार म्हणजेच खरे कुंपणावरचे मतदार, आणि ते आकड्यांत दिसतात. प्रायमरीत मात्र हेच वॉकर प्रचंड मताधिक्याने जिंकले होते.

दुसरी चूक शब्दाची आहे. स्वतःला ‘अपक्ष’ म्हणवणारा प्रत्येक मतदार तळ्यात-मळ्यात असतो असे नाही; त्यांतील बहुसंख्य लोक वर्षानुवर्षे एकाच पक्षाला मत देतात, फक्त पक्षाचे लेबल लावून घ्यायला तयार नसतात. 2012 मध्ये मतदानोत्तर चाचण्यांनुसार रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांनी अपक्ष मतदारांत 50 विरुद्ध 45 टक्के अशी आघाडी घेतली होती, तरी निवडणूक ओबामांनी जिंकली. स्वतःचा मतदार घराबाहेर काढण्याची ताकद या हिशेबातून वगळली, तर बेरीज चुकणारच.

सुरुवातीच्या जनमत चाचण्यांबद्दल फार लिहायला नको. डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार मायकेल डुकाकिस 1988 च्या जुलैमध्ये, पक्षाच्या अधिवेशनानंतरच्या एका चाचणीत 17 टक्क्यांनी पुढे होते. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या हाती 10 राज्ये उरली.

‘निवडून येणारा’ हा निकष कुठे लावायचा, याचेही भान ठेवावे लागते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 2022 मध्ये मिशिगनच्या 13 व्या मतदारसंघातून अमेरिकी काँग्रेसवर गेले. डेट्रॉइट परिसरातील हा मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला असल्याने खरी लढत प्रायमरीतच झाली, आणि नऊ उमेदवारांच्या त्या गर्दीत सुमारे 28 टक्के मते विजयाला पुरली. अशा ठिकाणी कुंपणावरच्या मतदाराची चिंता करणे म्हणजे नसलेल्या नदीवर पूल बांधणे होय. तिथे आपल्याला पटणाऱ्या उमेदवाराला निःशंकपणे मत द्यावे.

शेवटी नियमांची एक बाब, जी ऐन वेळी अनेकांना नडते. न्यू हॅम्पशायरमध्ये कोणत्याही पक्षाची नोंदणी नसलेला मतदार हवी ती प्रायमरी निवडू शकतो, म्हणून तिथल्या निकालात अपक्षांचा कल थोडाफार तरी उमटतो. पेनसिल्व्हेनियात प्रायमरी फक्त पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांसाठी असते. त्यामुळे तिथल्या प्रायमरीतील मोठ्या विजयावरून कुंपणावरच्या मतदाराबद्दल काहीही अनुमान काढू नये. तुम्ही स्वतः त्या राज्यात राहत असाल आणि नोंदणीत पक्ष लिहिलेला नसेल, तर मतदानाच्या 15 दिवस आधीपर्यंत तो बदलून घ्यावा, नाहीतर एवढा अभ्यास करूनही उमेदवार निवडण्याच्या त्या लढतीत तुम्हाला मत देता येणार नाही.